नाव कोणी दिले, त्याआधी वकील कोणाचा ते पाहा

ताई, सप्रेम नमस्कार.

माझे वय 31 वर्षे आहे. माझा धाकटा भाऊ साडेपाच महिन्यांपासून तुरुंगात आहे. रेल्वे स्टेशनबाहेर त्याच्या सॅकमध्ये 62 ग्रॅम एमडी हे ड्रग सापडले. तो असल्या कामात आहे हे मला अटकेनंतर कळले, आणि त्याला त्यात माझ्याच नवऱ्याने नेले हे त्याच्याही नंतर. ज्याला सगळे शेठ म्हणतात त्याने भावासाठी वकील दिला आहे आणि दर महिन्याला एक मुलगा आईच्या हातात पंधरा हजारांचे पाकीट ठेवून जातो. ‘पोराला म्हणावे तोंड बंद ठेव, घर आम्ही बघतो,’ एवढाच निरोप असतो. आई ते पाकीट आधी देव्हाऱ्यात ठेवते आणि शेठचे भले होवो म्हणते.

गेल्या महिन्यात रात्री दोन वाजता माझा नवरा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडत बसला होता. टीप त्यानेच दिली होती. मोठा माल दुसऱ्या रस्त्याने निघायचा होता, पोलिसांचे लक्ष तिकडे जायला नको होते, म्हणून एक माणूस द्यायचा असे शेठने ठरवले आणि कोणता ते याच्यावर सोपवले. ‘त्याला मूलबाळ नाही, म्हणून त्याचे नाव घेतले,’ असे तो म्हणाला. आम्हाला सहा वर्षांची मुलगी आहे.

राखीपौर्णिमा तीन आठवड्यांवर आली आहे. भावाला सांगितले तर नवऱ्याचा जीव जाईल, न सांगितले तर मी भावाशी गद्दारी केली असे होईल. मी कोणाशी इमान राखू?

— एक बहीण

सप्रेम नमस्कार.

ओळख पटेल असे तपशील बदलून तुमचे पत्र इथे दिले आहे. 62 हा आकडा आणि साडेपाच महिने हा काळ मात्र तसाच ठेवला आहे, कारण तुमच्या प्रश्नापेक्षाही तातडीची गोष्ट त्या दोन आकड्यांत आहे, आणि उत्तराला मी तिथूनच सुरुवात करते. फौजदारी वकिली करणाऱ्या एका स्नेह्यांशी बोलून हे लिहीत आहे.

1985 च्या एनडीपीएस कायद्यात, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या कायद्यात, शिक्षा वजनावर ठरते. मेफेड्रोन, म्हणजे आपण ज्याला एमडी म्हणतो, ते 2 ग्रॅमपेक्षा कमी असेल तर अल्प मात्रा आणि 50 ग्रॅमच्या वर गेले की व्यावसायिक मात्रा. व्यावसायिक मात्रेला किमान 10 आणि कमाल 20 वर्षे सक्तमजुरी, शिवाय 1 ते 2 लाख रुपये दंड आहे. जामीनही फार अवघड होतो, कारण आरोपी दोषी नसावा असे मानायला वाजवी कारण आहे आणि सुटल्यावर तो असा गुन्हा करणार नाही, अशा दोन्ही गोष्टींबद्दल न्यायाधीशांचे समाधान व्हावे लागते. पुडीत भेसळ असली तरी ती वजा होत नाही. संपूर्ण मिश्रणाचे वजन धरायचे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये हिरा सिंग खटल्यात दिला आहे. या धंद्यात मुरलेल्या माणसांना हे आकडे तोंडपाठ असतात. मी कोणावर आरोप करत नाही, पण 62 वाचल्यावर माझे मन तिथेच अडकले. ती सॅक तुमच्या भावाने भरली होती, की भरलेलीच त्याच्या खांद्यावर आली?

दुसरा आकडा काळाचा. व्यावसायिक मात्रेच्या गुन्ह्यात पोलिसांना दोषारोपपत्र दाखल करायला 180 दिवस मिळतात. सरकारी वकिलांच्या अहवालावरून विशेष न्यायालय ही मुदत एक वर्षापर्यंत वाढवू शकते. मुदत वाढली नसेल आणि 180 दिवसांत दोषारोपपत्र आले नसेल, तर आरोपीला जामिनावर सुटण्याचा हक्क मिळतो. मात्र तो हक्क अर्ज करून मागावा लागतो, आणि दोषारोपपत्र दाखल होण्याआधी मागावा लागतो. त्या दिवशी अर्ज तयार नसेल आणि दुसऱ्या दिवशी दोषारोपपत्र आले, तर ही वाट बंद होते. तुमच्या भावाच्या हातात कदाचित पंधराच दिवस आहेत. दोषारोपपत्र आले का, मुदत वाढवून घेतली का, रासायनिक तपासणीचा अहवाल काय सांगतो, या तीन गोष्टी त्याच्या वकिलांनी तुमच्या आईला आजवर कधी सांगितल्या आहेत का?

ते वकील प्रामाणिक असतीलही. मी त्यांना ओळखत नाही. पण ज्यांची फी शेठ देतो, त्यांच्यापुढे तुमचा भाऊ मनातले कसे बोलणार? त्याने तोंड उघडणे त्याच्या भल्याचे असेल आणि शेठच्या तोट्याचे असेल, त्या दिवशी त्याला कोणता सल्ला मिळेल? या टोळ्यांमध्ये वकील देणे हा उपकार समजला जातो, आणि तो पहाराही असतो. आत गेलेला माणूस काय बोलतो, कोणाचे नाव घेतो, खचला आहे का, हे सगळे त्याच वाटेने बाहेर पोचते.

म्हणून या आठवड्यात जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. कोठडीत असलेल्या माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे. स्त्री म्हणून तो हक्क तुम्हालाही आहे. 15100 या क्रमांकावरही मदत मिळते. नव्या वकिलांचे वकीलपत्र तुरुंग अधीक्षकांमार्फत भावाच्या सहीसाठी जाते. आधीच्या वकिलांची ना हरकत मिळाली नाही तर न्यायालयाची परवानगी घेता येते. कोणी विचारले तर ‘जामिनाला उशीर होतोय, म्हणून आईने धीर सोडलाय’ एवढेच कारण सांगा. ते खरेही आहे.

आता तुम्ही विचारलेल्या इमानाकडे वळते. खाल्ल्या मिठाला जागावे हे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि शेठसारखी माणसे आपल्या याच शिकवणीवर धंदा चालवतात. तुमचा भाऊ आत गप्प बसला आहे, तुमचा नवरा सांगितले ते करून मोकळा झाला आहे, तुमची आई देव्हाऱ्यापुढे हात जोडते आहे, आणि हे सगळे त्याला महिना पंधरा हजारांत मिळाले आहे. त्याने स्वतःचा कोण दिला? नावसुद्धा त्याने आपल्या तोंडाने घेतले नाही. ते तुमच्या नवऱ्याकडून घ्यायला लावले, म्हणजे रक्ताचा डाग तुमच्याच घरात राहावा आणि उद्या भांडण झालेच तर ते साला-मेहुण्यात व्हावे. या धंद्याची रचनाच तशी असते. 2024 च्या फेब्रुवारीत पुणे जिल्ह्यात कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यावर छापा पडला, तेव्हा एमडी किलोकिलोंनी बनते हे सगळ्यांनी वाचले. तो माल ग्रॅमच्या पुड्यांत रस्त्यावर येईपर्यंत मधल्या प्रत्येक माणसाला फक्त आपल्या वरचा एक आणि खालचा एक ठाऊक असतो. खालचा पोरगा पकडला गेला तर त्याच्या जागी दुसरा उभा करायला वेळ लागत नाही. त्यांच्या बोलीत ज्याला इमान म्हणतात ते नेहमी खालून वर जाते. वरून खाली आलेले मी तरी कधी ऐकलेले नाही.

‘गद्दार’ हा शब्दही त्यांचाच आहे. तो तुम्ही स्वतःला लावून घेऊ नका. तुम्ही या टोळीशी कधी शपथ घेतली नव्हती.

मात्र एक गोष्ट मला तुम्हाला सांगितलीच पाहिजे, ती वाचून तुम्हाला वाईट वाटले तरी. तुमच्या पत्रात भाऊ आहे, नवरा आहे, आई आहे, शेठ आहे. ज्यांच्यापर्यंत त्या 62 ग्रॅमच्या पुड्या पोचणार होत्या ती मुले नाहीत. एकेक ग्रॅमने विकले तर तितकी घरे होतात, आणि त्या प्रत्येक घरातही कोणाची तरी बहीण असते. भावाला फसवून पकडून दिले हे खरे आहे. तो ते काम करत होता हेही खरे आहे. नव्या वकिलांशी बोलताना पहिले सांगाल तेव्हा दुसरे लपवू नका. तो स्वतःही ओढत होता का, हे विचारा. तसे असेल तर उपचाराची गोष्ट वेगळी निघते, आणि त्यासाठी 14446 ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे.

भावाला सांगायचे का? सांगायचे, पण आता नाही, आणि तुरुंगातल्या भेटीत तर मुळीच नाही. त्या जाळीपाशी एका रांगेत दहा जण एकमेकांच्या आवाजावर आवाज चढवून बोलत असतात, आणि त्याच बराकीत शेठचे पंटर असण्याची शक्यता मोठी आहे. तरुण मुलगा ‘दाजींनीच मला दिला’ हे ऐकून गप्प राहील, असे मला वाटत नाही. तो ओरडला तर बाहेर तुमच्या नवऱ्याच्या आणि आत त्याच्या स्वतःच्या जिवाला धोका आहे. शिवाय टीप कोणी दिली हे कळल्याने खटल्यात त्याचा फारसा फायदा होत नाही. गुन्ह्याची माहिती कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती कायदा पोलिसांवर करत नाही, आणि न्यायालय पाहणार ते सॅकमध्ये काय होते, झडती नियमाने झाली का, नमुने नीट घेतले गेले का, हे.

तरीही त्याला कळले पाहिजे, असे मी म्हणते, कारण तो ज्यांच्यासाठी गप्प आहे त्यांनीच त्याला दिला आहे, आणि हे ठाऊक नसताना त्याने घेतलेला कोणताही निर्णय त्याचा स्वतःचा ठरत नाही. स्वतःचा वकील मिळाल्यावर त्याच्यापुढे खरे पर्याय येतील. सगळे खरे सांगण्याच्या अटीवर न्यायालय साथीदाराला माफी देऊ शकते, त्यालाच आपण माफीचा साक्षीदार म्हणतो. एनडीपीएस कायद्याच्या कलम 64 मध्ये सरकारही तशी मुभा देऊ शकते. हा रस्ता सोपा नाही. माफीचा साक्षीदार आधीच जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत त्याला आतच राहावे लागते, आणि काही लपवले किंवा खोटे सांगितले तर माफी जाते. साक्षीदाराच्या संरक्षणासाठी योजना आहे. जिल्हा पातळीवर अर्ज करता येतो, धोका किती आहे याचा अहवाल पोलीस देतात. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब एरवी पुरावा होत नाही, पण मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा, लावलेला असेल तर पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा जबाब पुरावा होऊ शकतो, म्हणून मोक्का लागला आहे का हेही पहिल्याच भेटीत विचारा. बोलायचे की नाही हे भावाने वकिलांशी एकांतात ठरवावे. त्याच एकांतात, वकिलांना योग्य वाटेल त्या वेळी, नावाची गोष्टही त्याच्यापर्यंत जावी.

तुमच्या नवऱ्याबद्दल लिहिताना माझा हात जड होतो आहे. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण तुमच्या मनात येऊन गेली असेल. दांडा कोणी हातात धरला हे मी विसरत नाही, पण माणूस लाकूड नसतो. नाही म्हणण्याची एक वेळ त्याच्याकडे होती. ‘त्याला मूलबाळ नाही’ या वाक्याने त्याने तुमच्या सहा वर्षांच्या मुलीलाही या हिशेबात ओढले, जणू तिच्यासाठीच हे केले. ते ओझे तिच्यावर किंवा तुमच्यावर घेऊ नका. तो रडला, त्याला पश्चात्ताप आहे, हे मी मानते. पण ओट्याशी बसून तुमच्याकडून माफी मिळवणे हे त्याच्या वाटचे सगळ्यात सोपे काम होते, आणि ज्याची माफी मागायला हवी तो माणूस वेगळा आहे. तुम्ही आज काहीही माफ करण्याची गरज नाही, आणि संसाराचा निर्णयही आज घ्यायची गरज नाही.

त्याला दोन गोष्टी स्पष्ट सांगा. पहिली, ज्याने मेहुणा दिला तो कोणालाही देऊ शकतो हे शेठलाही समजले आहे, म्हणून आता त्याचा स्वतःचा भरवसा संपलेला आहे. त्याने वेगळा वकील गाठावा, भावाचा वकील चालणार नाही, कारण दोघांचे हित एक नाही. दुसरी, घरात एक पुडीही येणार नाही. ठाऊक असून घर वापरू दिले तर या कायद्यात घरातल्या माणसावरही गुन्हा येतो, आणि माल जवळ सापडला की निर्दोष असल्याचे सिद्ध करण्याचा भार बराचसा आपल्यावर पडतो. त्याने हे मानले नाही, तर त्याच दिवशी मुलीला घेऊन माहेरी जा. आणखी एक, तुमच्या मनाला थोडा आधार म्हणून: लग्नाच्या नात्यात पतीने पत्नीला सांगितलेली गोष्ट न्यायालयात उघड करण्याची सक्ती तुमच्यावर होऊ शकत नाही.

पाकिटाचे काय करायचे? उद्याच परत पाठवू नका. तो एक संदेश ठरेल आणि तो चुकीच्या वेळी जाईल. नवीन वकील उभे राहीपर्यंत ते पैसे खर्च न करता बाजूला ठेवा, आणि पहिल्या भेटीत वकिलांना त्यांच्याबद्दल सांगा, कारण या कायद्याखाली मालमत्ता जप्तीचे हात नातेवाइकांपर्यंतही पोचू शकतात. आईला सगळे सांगण्याची घाई करू नका. एवढेच म्हणा की हे पैसे देवापुढे ठेवण्यातले नाहीत, आणि पाकीट देव्हाऱ्यातून उचलून कपाटात ठेवा.

राखीच्या दिवशी जा. आत राखी नेता येते का, ते आदल्या दिवशी कारागृहात विचारून घ्या. भेटीची मिनिटे मोजकीच असतात, म्हणून त्याला एकच गोष्ट सांगा: नवे वकीलपत्र येईल, त्यावर सही कर, आई म्हणते म्हणून कर. वकीलपत्र त्याआधीच गेले असेल, तर सही केलीस का एवढे विचारा. तो बहुतेक विचारेल, ‘दाजी कसे आहेत?’ त्याची तयारी घरूनच करून जा. खोटे बोलू नका, आणि खरेही सांगू नका. ‘घरी आहेत’, एवढे म्हणा, आणि त्याच्या जेवणाचे विचारा.