गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचं दुखणं आणि श्वास: मी तीन आठवडे उलटंच करत होते

तुम्ही लिहिलंय की गुडघा बदलून नऊ दिवस झाले, श्वासाचे व्यायाम दिवसातून चार वेळा करताय, तरी गुडघा वाकवताना जीव जातो आणि वर चक्कर येते ती वेगळीच. वाचून मला चार वर्षांपूर्वीचा माझा उजवा गुडघा आठवला. मी डॉक्टर नाही, जे सांगतेय ते स्वतःच्या अनुभवावरून.

पोटाने श्वास कसा घ्यायचा ते तुम्हाला येत असणारच. माझं घोडं अडलं होतं ते दुसरीकडे. सकाळ-संध्याकाळ २० मिनिटं पडून मी इतका शांत श्वास घ्यायची की घरचे कौतुक करायचे. मग टाच गादीवरून सरकवत गुडघा वाकवायची वेळ आली की दात आवळून, श्वास कोंडून, एकदाचं उरकून टाकायची. म्हणजे जिथे श्वास हवा, तिथेच तो बंद! श्वास कोंडला की बीपी चढतं, जबड्यापासून मांडीपर्यंत सगळं ताठरतं, आणि त्या ताठर मांडीशी झगडत गुडघा वाकवायचा म्हटल्यावर दुखणारच. तीन आठवडे हेच. गुडघा ७० अंशांपुढे जाईना.

ज्या फिजिओ विभागात जायची, तिथे कुणाच्या तरी लक्षात यावं की नाही? झेरॉक्स केलेला एक कागद हातात ठेवला, त्यावर ‘दीर्घ श्वास घ्या’ एवढंच. दर वेळी नवा माणूस. कोन मोजायचा, आकडा लिहायचा आणि ‘जोर लावा’ म्हणायचा. माझ्या चेहऱ्याकडे एकानेही बघितलं नाही. शेवटी भाच्यानेच विचारलं, “मावशी, तू श्वास का घेत नाहीयेस?” अजून आठवलं की संताप होतो. असो.

त्या दिवसापासून व्यायाम करताना मी मोठ्याने आकडे मोजायला लागले. बोलताना श्वास कोंडता येत नाही, एवढीच त्यातली गंमत. टाच जवळ आणताना ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायचा. ताण लागला की तिथेच थांबून दोन-तीन श्वास, आणि दर वेळी सोडताना मांडी सैल. नाकाने चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. दुखणं गेलं असं मुळीच नाही. दहापैकी आठ होतं ते पाच-सहावर आलं, पण पुढच्या वाकवण्याची धास्ती गेली, आणि माझ्या मते तेच मोठं.

तुमच्या चक्करचं कारण बहुधा भराभर घेतलेले मोठमोठे श्वास असावेत. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, डोकं हलकं होतं, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. श्वास मोठा नको, संथ हवा. श्वास ओढून चेंडू वर उचलायचं ते तीन चेंडूंचं यंत्र दिलं असेल तर ते फुप्फुसांसाठी असतं, दुखण्यासाठी नाही. आणि सध्या कपालभाती, भस्त्रिका नकोच, असं माझं ठाम मत आहे.

श्वासाच्या भरवशावर गोळी मात्र टाळू नका. डॉक्टरांनी दिलेली गोळी घेऊन अर्ध्या-पाऊण तासाने व्यायामाला बसलं की बरंच सोपं जायचं. आणखी एक, कितीही बरं वाटलं तरी गुडघ्याखाली उशी ठेवून झोपू नका, पाय सरळ व्हायला त्रास देतो.

पोटरी सुजून दुखायला लागली, अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर व्यायामबियाम सोडून ताबडतोब दवाखाना गाठा. रक्ताची गुठळी असू शकते.

आणि चक्कर श्वास घेताना येते की पलंगावरून उठताना, तेवढं नीट बघा. उठताना येत असेल तर माझं वरचं निदान रद्द समजा. बीपीमुळे किंवा गोळ्यांमुळेही तसं होतं, डॉक्टरांना आजच फोन करा.