जर्क, जोल्ट, शिव्हर, ट्विच, ट्रेमर: अरबीत कशाला काय म्हणायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: इंग्रजीत अचानक हलण्या-थरथरण्यासाठी डझनभर शब्द आहेत, पण अरबी शब्दकोश प्रत्येकापुढे फिरून फिरून तेच तीन-चार शब्द देतो. मग नेमका शब्द निवडायचा कसा?

शब्दकोश चुकत नाही. इंग्रजी प्रत्येक छटेला वेगळा शब्द देते, तर अरबी बराचसा फरक शब्दाच्या साच्यात ठेवते, म्हणजे मूळ व्यंजनांभोवती स्वर आणि जादा अक्षरं बसवायच्या ठरलेल्या घडणीत. एकदाच हललं की हलतच राहिलं, कोणी हलवलं की आपोआप हललं, की तो आजार आहे, हे साचा सांगतो. मूळ धातूची तीन व्यंजनं फक्त हालचालीची जात सांगतात. म्हणून शब्दांच्या जोड्या पाठ करू नका. आधी चार-पाच धातू आणि चार साचे पक्के करा.

धातू पाहू. ह-झ-झ हा सगळ्यात साधा: झाड हलवणं, पाळणा हलवणं, मान हलवणं, जमीन हलणं. कुराणाच्या १९व्या सूरेत मरियमला खजुराचं खोड हलवायला सांगितलंय, तिथे हाच धातू आहे. र-ज-ज म्हणजे आतून ढवळून काढणारा जोरदार हिसका. औषधाच्या बाटलीवर ‘वापरण्यापूर्वी चांगली हलवा’ लिहिलेलं असतं, तिथे ‘तुरज्जु’ असतं, ह-झ-झ बहुधा नसतो. र-ज-फ आणि र-अ-श (इथला ‘अ’ म्हणजे अरबीतलं ‘ऐन’ हे व्यंजन) हे दोन्ही थरथरीचे. र-ज-फ मध्ये भीती आणि वजन जास्त. ओठ थरथरले, माणूस थंडीने कुडकुडला, हे सगळं त्यात बसतं. र-अ-श हातांच्या, तापाच्या, म्हातारपणाच्या कापऱ्याकडे झुकतो. र-अ-द मधूनच ‘रअद’ म्हणजे मेघगर्जना येते, आणि भीतीने चळाचळा कापण्यासाठीही तोच धातू चालतो.

आता साचे. खरी किल्ली इथेच आहे.

पहिला साचा ‘फअ्ला’ (साच्यांच्या नावांतली फ-अ-ल ही धातूच्या तीन व्यंजनांच्या जागा दाखवतात). अरबी व्याकरणात याला ‘एकदाच घडलेल्या क्रियेचं नाम’ म्हणतात. हझ्झा म्हणजे एक हादरा, रज्जा एक हिसका, रज्फा एक थरकाप, सद्मा एक धक्का. इंग्रजीतले जर्क, जोल्ट, शॉक हे ‘एक’ मोजता येणारे शब्द आले की आधी या साच्यात शोधा. दोन हादरे बसले तर द्विवचन होतं, हझ्झतान. भूकंपाच्या बातम्यांत ‘हझ्झा अर्दिय्या’ म्हणजे जमिनीचा हादरा, आणि मोठ्या भूकंपानंतरचे धक्के म्हणजे ‘हझ्झात इर्तिदादिय्या’. खुद्द मोठ्या भूकंपाला मात्र ‘झिल्झाल’. हिंदीतला ‘जलजला’ याच कुळातला. झ-ल, झ-ल अशी दुहेरी बांधणी बघा. मराठीत आपणही थरथर, लटलट, डळमळ म्हणतोच.

दुसरा साचा ‘इफ्तिआल’. पहिल्या व्यंजनानंतर त घुसतो आणि क्रिया बहुधा स्वतःवर येते. ‘हझ्झ’ म्हणजे त्याने हलवलं, ‘इहतझ्झ’ म्हणजे ते हललं. नाम होतं इहतिझाझ, म्हणजे कंपन. तसेच इर्तिआश आणि इर्तिजाफ. डोक्याला मार लागून मेंदूला हादरा बसला तर ‘इर्तिजाज’. अपघात विभागातल्या कागदांवर हा शब्द नेहमी दिसतो. न-फ-द म्हणजे झटकणं, जशी चादरीवरची धूळ झटकतात. त्यापासून ‘इन्तफद’ म्हणजे दचकून, झटक्यात अंग हललं. शेवटी ‘एकदा’चा आ लावला की इन्तिफादा. १९८७ च्या पॅलेस्टिनी उठावामुळे हा शब्द जगभर गेला, पण शाब्दिक अर्थ अंग झटकून उठणं एवढाच.

तिसरा साचा ‘फआलान’, न थांबणाऱ्या खळबळीचा. उकळणं म्हणजे गलयान, उडणं म्हणजे तयरान (विमान कंपन्यांच्या नावांत वाचला असेल). त्याच साच्यात खफकान म्हणजे छातीत धडधड, आणि रजफान म्हणजे हृदयाचं अनियमित फडफडणं, ज्याला डॉक्टर फिब्रिलेशन म्हणतात.

चौथा ‘फुआल’, दुखण्यांचा. झुकाम म्हणजे सर्दी (हिंदीतला जुकाम तोच), सुआल खोकला, सुदाअ डोकेदुखी. म्हणून आजाराचा ट्रेमर तो ‘रुआश’. पार्किन्सनला ‘शलल रुआशी’ म्हणतात. रुग्णाच्या कापणाऱ्या हातासाठी कोणी ‘हझ्झा’ लिहिलं तर वाचणाऱ्याला जमीन हादरल्यासारखं वाटतं. तिथे रुआश किंवा इर्तिआश हवा.

जिथे सर्रास चुका होतात त्या जागाही सांगतो. ‘रअ्शा’ हा शब्द एकटा वापरताना जपा, त्याला संभोगातल्या परमसुखाचाही अर्थ आहे. हातांची किंवा तापाची असं जोडून म्हटलं तर अडचण नाही. ‘सद्मा’ हिंदीत फक्त मनाचा आघात, पण अरबीत विजेचा शॉक, रक्तदाब कोसळून होणारा वैद्यकीय शॉक आणि मानसिक धक्का हे तिन्ही त्यात येतात. पुढे विशेषण लावलंत तरच नेमकं कळेल. ‘तशन्नुज’ म्हणजे आकडी, आणि स्नायूचा पेटकाही. तापातली लहान मुलांची आकडी असेल तर ‘तशन्नुजात हरारिय्या’ म्हणा. नुसता पायात गोळा आला असेल तर रोजच्या बोलण्यात ‘शद्द अदली’ जास्त चालतं. थंडी वाजून ताप येतो त्या हुडहुडीला आणि अंगावर येणाऱ्या काट्याला अरबीत एकच शब्द आहे, कुशअरीरा. औषधाच्या पत्रकात तो दिसला तर बहुधा हुडहुडीच समजा.

‘हझ्झ रअ्सहु’ म्हणजे त्याने मान हलवली. पण होकाराची की नकाराची? दोन्ही होऊ शकतं. भाषांतर करताना पुढचं वाक्य वाचल्याशिवाय ‘नाही म्हणाला’ लिहू नका. मानेने होकार दाखवायचा असेल तर बहुधा ‘अव्मअ’ हे क्रियापद घेतात.

गॅरेजमधली भाषा आणखी वेगळी. सौदीत गिअर बदलताना गाडी पुढे हिसका देते, त्याला मेकॅनिक ‘नत्आ’ म्हणतात. गाडी उभी असताना किंवा वेगात स्टिअरिंग थरथरतं, ती ‘रज्जा’. हे उलटं सांगितलं तर मेकॅनिक गिअरबॉक्स सोडून चाकांचं बॅलन्सिंग बघत बसतो. इजिप्तमध्ये हलण्या-घुसळण्याच्या बोलीशब्दांचा अर्थ सरकतो. तिथे ‘खद्दा’ म्हणजे दचकणं, घाबरणं, पण मूळ धातू ख-द-द द्रव पदार्थ घुसळण्याचा. विमानात बसणाऱ्या गचक्यांना ‘मतब्बात हवाइय्या’ म्हणतात, आणि मतब्ब म्हणजे रस्त्यावरचा गतिरोधक.

डोळा लवतो त्यासाठी क्रियापद ‘रफ्फ’. पक्ष्याच्या पंखांची फडफडही त्याच क्रियापदाने सांगतात. शब्दकोशात ट्विचसमोर इख्तिलाज दिसेल. तो वैद्यकीय किंवा जुन्या ग्रंथांतला, घरात कोणी बोलत नाही.

नवा शब्द समोर आला की तीन प्रश्न याच क्रमाने विचारा: हालचाल कोणत्या जातीची, एकदा की सतत, आणि हलवलं की हललं. पहिल्याचं उत्तर धातू देतो, उरलेल्या दोन्हींचं साचा.