टीईटीच्या नोट्स: उजवं पान कोरं सोडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्स आणि बी.एड. झालंय, घणसोलीला राहता, दिवसा टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) दुसऱ्या पेपरचा अभ्यास आणि संध्याकाळी डिप्लोमाच्या मुलांना बेसिक इलेक्ट्रॉनिक्स. बालमानसशास्त्र, मराठी, इंग्रजी, गणित-विज्ञान अशा चार वह्या झाल्यात, बॅचच्या नोट्सची पाचवी. लिहून लिहून हात दुखला, पण सराव पेपर समोर आला की सगळं कोरं. नोट्स काढायच्या तरी कशा?

मी आधी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे, आता ऐरोलीत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. पहिल्या खेपेला टीईटीत मला ८६ मिळाले, हवे होते ९०. तेव्हाच्या नोट्स अजून माळ्यावर आहेत. तीन रंगांची पेनं, पट्टीने आखलेले तक्ते, पियाजे या मानसशास्त्रज्ञाने सांगितलेल्या बालविकासाच्या चार अवस्था चार चौकटींत. दिसायला इतक्या देखण्या की मैत्रिणींनी झेरॉक्स काढून नेल्या. त्यातल्या दोघी पास झाल्या, मी नाही. त्यांनी झेरॉक्सवर स्वतःच्या शंका खरडल्या होत्या. मी माझ्या वहीवर डाग पडू दिला नव्हता.

दीडशे प्रश्न, दीडशे मिनिटं, चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही गोल रिकामा सोडू नका, एवढं तुम्हाला ठाऊक असेलच. पण प्रश्न नीट बघा. ‘अमुक संकल्पनेची व्याख्या सांगा’ असं थेट क्वचित येतं. ‘सातवीतलं एक मूल असं असं म्हणतं, शिक्षक म्हणून तुम्ही काय कराल’ अशा थाटाचेच जास्त. मी व्याख्या पाठ करून गेले आणि तिथे समोर एक मूल उभं होतं.

म्हणून दुसऱ्या खेपेला एकच वही केली. डावं पान पुस्तकाचं, दोन-तीन ओळींत. उजवं पान कोरं. त्यावर फक्त कुणीतरी केलेली चूक आणि ती का झाली असेल, एवढंच. चूक माझी चालेल, वर्गातल्या पोराची चालेल, तुमच्या बॅचमधल्याची तर फारच चांगली.

एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण माझी वही यावरच उभी राहिली. सातवीला विद्युत परिपथ शिकवत होते. दोन बल्ब एकापाठोपाठ सेरीजमध्ये जोडले आणि स्विच दाबण्याआधी विचारलं, कुठला जास्त उजळेल? एक मुलगा ठामपणे म्हणाला, ‘पहिला. करंट आधी त्याच्याकडे जातो, तो वापरतो, उरलेला पुढच्याला.’ हा गावठाणातला मुलगा. त्याच्या घरी पाण्याची लाइन येते ती चौथ्या घरातून पुढे, आणि पहिल्या घराची टाकी भरेपर्यंत यांच्या नळाला धार नसते. तो अनुभवाने बोलत होता. मी ऐटीत स्विच दाबला, आणि पहिला बल्ब खरंच जास्त उजळला! वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्याच्यासाठी, माझ्यासाठी नाही.

झालं होतं असं की दोन बल्ब दोन वेगळ्या पाकिटांतले होते, त्यांचा रोध सारखा नव्हता. सुचलं ते इतकंच की बल्बांची जागा बदलावी. उजेड बल्बाबरोबर गेला, जागेबरोबर नाही. मग करंट मोजायला मल्टिमीटर आधी पहिल्या बल्बाच्या अलीकडे आणि नंतर दुसऱ्याच्या पलीकडे सेरीजमध्ये लावून दोन्ही आकडे त्यालाच वाचायला लावले. आकडा तोच. तो गप्प झाला, पटलं मात्र नव्हतं. पटलं तासाच्या शेवटी, नळाचं बोललो तेव्हा: नळ हे लाइनला फुटलेले फाटे, पाणी वाटेत बाहेर जातं. आपल्या जोडणीत फाटाच नाही, मग करंट जाईल कुठे? बल्ब ऊर्जा घेतो, करंट खात नाही. आणि घरातलं वायरिंग फाट्यांचंच असतं, पॅरलल, हेही त्यातूनच निघालं.

आता डाव्या पानावर बघा. पियाजेचं सात्मीकरण म्हणजे नवा अनुभव जुन्या चौकटीत बसवणं: करंट म्हणजे नळाचं पाणी. समायोजन म्हणजे चौकटच बदलावी लागणं: फाटा नाही तर पाणी कमी कसं होईल. मधलं असंतुलन म्हणजे मीटरच्या आकड्यापाशी गप्प झालेला तो मुलगा. हे तीन शब्द मी पहिल्या वर्षी वीसेक वेळा लिहून काढले होते, तरी पेपरात त्यांची अदलाबदल केली. त्या तासानंतर एकदाही झाली नाही.

खरी गंमत पुढे. आयटीआयच्या जुन्या वहीत मला एकोणीस वर्षांच्या मुलाची चूक सापडली. ९ व्होल्टची बॅटरी, लाल एलईडी, सोबत करंट मर्यादेत ठेवणारा रेझिस्टर. एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात, उरले ७. ३९० ओहम लावला तर सुमारे १८ मिलिअँपिअर, म्हणजे ठीक. ३९०चे नारिंगी, पांढरा, तपकिरी हे रंगांचे पट्टेही त्याने बरोबर ओळखले. पण रेझिस्टर एलईडीच्या ‘आधीच’ हवा म्हणून हटून बसला, ‘नाहीतर करंट आधी एलईडीत शिरेल आणि तो उडेल.’ सेरीजमध्ये रेझिस्टर अलीकडे की पलीकडे, काहीच फरक पडत नाही. हा सातवीतल्याचाच विचार, फक्त गणित येणाऱ्या डोक्यातला. पियाजेच्या तक्त्यात ११ वर्षांपुढे औपचारिक क्रियात्मक अवस्था लिहिलेली असते, म्हणून अकरावा वाढदिवस झाला की सगळ्याच विषयांत अमूर्त विचार सुरू होतो असं नाही. पेपरात वय विचारलं तर तक्त्यातलंच लिहा, वर्गात मात्र तक्त्यावर विसंबू नका.

तुमची संध्याकाळची बॅच म्हणजे उजव्या पानाचा कारखाना आहे हो! तुम्ही तिला अभ्यासातला व्यत्यय म्हणालात, म्हणून एवढं लांबण लावलं. एक इशारा मात्र देते. डायोड-ट्रान्झिस्टरच्या तुमच्या नोट्स कितीही चांगल्या असल्या तरी या पेपरला त्यांचा उपयोग थोडाच. विज्ञानात वीज हा एकच धडा. पेशी, आम्ल-आम्लारी, बल-गती हेही तितकंच येतं. आपल्याला येतं तेच पुन्हा पुन्हा वाचायचा मोह होतो, मलाही झाला होता.

मराठीचं. व्याकरणाच्या नोट्स सगळेच काढतात, अध्यापनशास्त्राचे प्रश्न मात्र ‘वाचून सुटतील’ म्हणून सोडतात. तिथेही चुकाच गोळा करा. माझी भाची तीन वर्षांची असताना म्हणायची, ‘मी सगळं करलं.’ त्याआधी ती ‘केलं’ बरोबर म्हणायची! घरच्यांना वाटलं, पोर मागे चालली. ती पुढे गेली होती. भरलं, सरलं, धरलं ऐकून तिने स्वतःच नियम काढला आणि ‘कर’ला लावला. काही महिन्यांत अपवाद कळला आणि ‘केलं’ परत आलं. ‘करलं’ हे तिने कुणाचं ऐकलेलं नाही. भाषा निव्वळ अनुकरणाने येत नाही, हे भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीचं म्हणणं एवढ्या एका क्रियापदावर लक्षात राहतं.

दुसरी नोंद आपल्याच भागातली. आगरी घरातली मुलं ‘शाळा’ला ‘शाला’ आणि ‘पाणी’ला ‘पानी’ लिहितात. क्लासच्या नोट्समध्ये याच्यापुढे ‘अशुद्ध उच्चार, सराव घ्यावा’ असं छापलेलं होतं. मला ते तेव्हाही खटकलं होतं. मूल ळ-ण विसरलेलं नाही, ते घरच्या बोलीच्या नियमाने चाललंय, आणि नियम पक्का आहे. आधी बोलीत मनसोक्त बोलू द्यायचं, मग ‘घरी कसं म्हणतो, पुस्तकात कसं लिहितो’ अशा जोड्या लावायच्या. असा प्रश्न आला तर बोलीला कमी लेखणारा पर्याय आधी खोडा.

पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेलं, आता पालघरमध्ये गेलेलं काम तर वाचाच. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ सोबत होत्या. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीची महागडी साधनं परवडणार नव्हती, तर पानं, बिया, शंख-शिंपले, खडे घेऊन शिकवलं. मुलं शाळेत येईनात तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. जी गुरं राखायला जात त्यांच्यामागे कुरणात नेली, ती कुरणशाळा. ‘बालकेंद्री शिक्षण’ या चार मार्कांच्या शब्दाला यापेक्षा चांगलं डावं पान मला मिळालेलं नाही.

नावांच्या गोंधळाबद्दल दोन ओळी. पियाजे आणि रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की दोघेही १८९६चे, पण वायगॉट्स्की १९३४लाच गेला. समीपस्थ विकासक्षेत्र, म्हणजे मुलाला एकट्याने जमत नाही पण मदतीने जमतं तो टप्पा, ही कल्पना त्याची. स्कॅफोल्डिंग, म्हणजे शिकताना दिलेला तात्पुरता आधार, हा शब्द मात्र त्याचा नाही, तो वुड, ब्रूनर आणि रॉस यांच्या १९७६च्या लेखातला. मी त्याला परांची म्हणते. घोडबंदर रोडला नव्या टॉवरभोवती असते तशी, काम झालं की उतरवायची. पेपरात पर्यायांत ब्रूनर नसेल आणि वायगॉट्स्की असेल तर मुकाट्याने वायगॉट्स्कीवर गोल भरा, तिथे वाद घालायला कुणी नसतं.

गणिताबद्दल मी फार सांगणार नाही. सोडवत राहा, घड्याळ लावून. इंग्रजीचंही तसंच, रोज एक उतारा.

उजळणी मी ट्रान्सहार्बरच्या गाडीत करायचे. ठाण्याहून गाडी सुटली की वही मिटलेली, एक उजवं पान मनात धरायचं: ‘रेझिस्टर आधी हवा’. ऐरोली येईपर्यंत त्याचं डावं पान आठवून काढायचं. उतरल्यावर बाकड्यावर बसून तपासायचं, दोन मिनिटांत. आठवलं नाही तर पानाच्या कोपऱ्यात एक टिंब. तीन टिंबं झालेली पानंच रविवारी पुन्हा बघायची. नुसतं वाचत बसलं की सगळं ओळखीचं वाटतं आणि आपण स्वतःवर खूश होतो; मिटलेली वही तशी फसवत नाही.

आता तुम्ही टाकलेल्या वहीच्या फोटोबद्दल. मथळ्यात ‘विद्यूत’ लिहिलंय. ते ‘विद्युत’, द्यु ऱ्हस्व. पण चूक झाली कशी ते बघा: गरीब, वकील, फूल यांत शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ, हा नियम तुम्हाला पक्का येतो, आणि तो तुम्ही तत्सम शब्दाला लावलात. भाचीने ‘करलं’ केलं, अगदी तसंच. नवी वही घ्याल तेव्हा उजव्या पानावर पहिली नोंद हीच करा.