तिसरीच्या गणितात अडते कुठे?

प्रश्न : माझी मुलगी यंदा तिसरीत आहे. तिला पंधरापर्यंतचे पाढे तोंडपाठ आहेत. परंतु शाब्दिक उदाहरण समोर आले की ती ‘बेरीज करू की वजाबाकी?’ असे विचारते. संख्येत शून्य असेल, तर हातच्याची वजाबाकीही चुकते. तिसरीत मुलांना नेमके काय यायला हवे आणि तिला शिकवणी लावावी का?
– एक पालक, सांगली

उत्तर : आपण विचारलेल्या दोन अडचणी वेगवेगळ्या आहेत, आणि माझ्या मते पहिली गणिताची नसून वाचनाची आहे.

पहिली-दुसरीत मूल वाचायला शिकते. तिसरीपासून वाचून शिकण्याची अपेक्षा सुरू होते. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानातही तिसरीच्या अखेरीस मुलाने आपल्या वयाला साजेसा, पूर्वी न पाहिलेला मजकूर मिनिटाला किमान ६० शब्द या गतीने, अर्थ समजून वाचावा आणि ९,९९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्यात व लिहाव्यात, असे उद्दिष्ट ठेवले आहे. यातील ‘अर्थ समजून’ हे शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. ‘एसटीत ४२ प्रवासी होते, थांब्यावर १५ उतरले आणि ८ चढले’ हे वाचताना ज्या मुलीच्या डोळ्यांसमोर गाडी उभी राहते, तिला क्रिया विचारावी लागत नाही. म्हणून उदाहरण सोडवण्यापूर्वी, आकडे बाजूला ठेवून, काय घडले ते तिला स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावे. ‘उरले म्हणजे वजाबाकी’ अशा खुणा मात्र शिकवू नयेत. वाक्यरचना जरा बदलली की त्या मुलांना हमखास फसवतात.

वजाबाकीसाठी खेळातल्या नोटा वापराव्यात. ५०३ मधून २६७ वजा करायचे असल्यास शंभराच्या पाच नोटा आणि एक रुपयाची तीन नाणी ठेवावीत. सात रुपये देता येत नाहीत आणि दहाची नोटही नाही, हे तिच्याच लक्षात येऊ द्यावे. मग तिने शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा नोटा घ्याव्यात आणि त्यांतील एक मोडून दहा नाणी घ्यावीत. आता शतके ४, दशके ९ आणि एकक १३ होतात. शून्याच्या जागी ९ कुठून आले, हे असे हाताने केल्याखेरीज बहुतेक मुलांना कळत नाही; नंतर उभ्या मांडणीत तेच करून २३६ हे उत्तर काढावे.

याखेरीज गुणाकार, समान वाटणीतून भागाकार, पाव-अर्धा-पाऊण, घड्याळ आणि मोजमाप हा भाग तिसरीत येतो. परिसर अभ्यासात मूल आपला जिल्हा ओळखू लागते, आणि त्यासाठी बालभारतीने जिल्हानिहाय पुस्तकेही काढली होती. नकाशात कृष्णा नदी शोधून तिच्याकाठची गावे मोठ्याने वाचणे हासुद्धा आपल्या मुलीसाठी वाचनाचा उत्तम सराव ठरेल.

शिकवणी तूर्त लावू नये. रोज पंधरा-वीस मिनिटे तिच्याकडून नवा मजकूर वाचून घ्यावा व त्यावर बोलावे. महिनाभरानंतरही ती अक्षर-अक्षर जुळवून वाचत असेल, तर वर्गशिक्षकांना भेटून प्रगतिपुस्तकातील गुणांऐवजी तिच्या वाचनाबद्दल विचारावे.