फलकावर अपघात घटले, फाट्यावर नाहीत

वाचकांचे प्रश्न, निवृत्त मोटार वाहन निरीक्षकाची उत्तरं

या महिन्याच्या टपालात धुळे-जळगाव रस्त्यावरची पत्रं जास्त आहेत. त्या रस्त्याला अजून सगळे ‘सहा नंबर’च म्हणतात, कागदावर तो ५३ झाला तरी. एकतीस वर्षांच्या नोकरीत पासिंगला आलेल्या गाड्या मी विसरलो. अपघातानंतर पोलीस ठाण्याच्या आवारात उभ्या असलेल्या, ज्यांची यांत्रिक तपासणी मी केली, त्या मात्र नंबरासकट आठवतात.

*

नाना, रस्ता सुरक्षा महिन्यात आमच्याकडे फलक लागला : ‘गतवर्षीच्या तुलनेत अपघातांत घट’. माझं पंक्चरचं दुकान हायवेच्या फाट्यावर आहे. मला तर घट दिसत नाही. चूक माझी की फलकाची?
— एक दुकानदार, पारोळा तालुका

भाऊ, तुम्ही दोघंही खरं बोलत असाल. सगळी भानगड तिथंच आहे.

समजा तालुक्यात एका वर्षी नऊ माणसं गेली आणि दुसऱ्या वर्षी सहा. फलकवाला लिहिणार ‘३३ टक्के घट’. पण एवढ्या लहान आकड्यात तिनाचा फरक नुसत्या योगायोगानंही पडतो. माणसं भरलेली एक काळीपिवळी जीप उलटली की अख्ख्या वर्षाचा हिशेब फिरतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला आणि वर बसलेले पंधरा-सोळा मजूर एका रात्रीत गेले. त्या वर्षाचा तालुक्याचा आकडा बघून ‘अपघात वाढले’ म्हणणं जितकं पोकळ, तितकंच पुढच्या वर्षी ‘घटले’ म्हणणं. लहान गावानं किमान तीन वर्षं एकत्र धरावीत, पाच धरली तर उत्तम.

दुसरं, काय मोजलं ते विचारा. अपघात की मृत्यू? किरकोळ अपघात आपल्याकडे चहाच्या टपरीवर मिटतात. बंपरचे पैसे द्या, गुडघ्याला पट्टी बांधा, चला. नोंद होत नाही. माणूस मेला की नोंद टाळता येत नाही, म्हणून मी आधी तो रकाना बघतो. राज्याचेच आकडे घ्या. २०१९ मध्ये महाराष्ट्रात ३२,९२५ अपघात झाले आणि १२,७८८ माणसं गेली. २०२० मध्ये टाळेबंदीनं दोन्ही खाली आले : २४,९७१ आणि ११,५६९. २०२२ मध्ये अपघात पुन्हा जुन्या जागी, ३३,३८३. पण मृत्यू १५,२२४. म्हणजे अपघात पाचशेसुद्धा वाढले नाहीत आणि मेलेली माणसं चोवीसशेंनी जास्त. शंभर अपघातांमागे एकोणचाळीस जात होती ती सेहेचाळीस जायला लागली. ‘अपघात स्थिर’ असा फलक त्या वर्षीही लावता आला असता, आणि तो खोटा ठरला नसता. टाळेबंदीच्या सालाशी तुलना करून कोणी वाढ किंवा घट सांगू लागला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

तिसरं, नोंद कुठं होते. अपघात जिथं घडला तिथं. जुलै २०२२ मध्ये इंदूरहून अमळनेरला निघालेली एसटी खलघाटला नर्मदेत कोसळली, बाराजण गेले. आपल्याकडची माणसं, पण आकडा मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्याचा. आणि आपल्या फाट्यावर जखमी झालेला धुळ्याच्या किंवा नाशिकच्या दवाखान्यात बाराव्या दिवशी गेला, तर तो आपल्याच आकड्यात यायला हवा, कारण तीस दिवसांच्या आत गेलेला माणूस अपघाती मृत्यूच धरायचा असा नियम आहे. तिथून कागद वेळेवर परत आला नाही तर तो आपल्या यादीत ‘गंभीर जखमी’च राहतो.

आता तुमच्या फाट्याचं. चौपदरी झाल्यापासून समोरासमोरच्या धडका कमी झाल्या, हे मान्य करू या. जुन्या दोनपदरी सहा नंबरवर ओव्हरटेकच्या नादात काय व्हायचं ते मी पाहिलंय. ट्रकच्या केबिनचा पत्रा कापायला गॅस कटर मागवावा लागायचा. ते गेलं, दुसरं आलं. शेत रस्त्याच्या या बाजूला, घर त्या बाजूला, अंडरपास किलोमीटरभर लांब. मग मोटारसायकल राँग साइडनं येते, दुभाजकाच्या कटाशी थांबते, मागं बायको, मध्ये चाऱ्याचा भारा. बायपासवरून येणारा ट्रकवाला आता ऐंशीनं येतो, कारण रस्ता त्याला तसं सांगतो.

हे एफआयआरमध्ये कुठंच येत नाही. तिथलं वाक्य माझ्या पहिल्या वर्षी होतं तेच निवृत्तीच्या वर्षी : ‘रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगाने, हयगयीने वाहन चालवून’. रस्त्याचा उल्लेख एवढाच, की चालकानं त्याच्याकडे दुर्लक्ष केलं! परिस्थिती काय होती, कट कुठं होता, दिव्याचा खांब पेटत होता का, हे लिहायला कोणाला वेळ नसतो. देशातल्या अपघाती मृत्यूंपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त अतिवेगामुळे, असं जे छापून येतं (२०२२ साली ७१.२ टक्के), त्यात वेग तर आहेच, पण या वाक्याचाही वाटा आहे असं माझं मत आहे. खात्यातल्या मित्रांना ते आवडत नाही.

म्हणून तुम्ही एक करा. उधारीची वही मागच्या पानापासून उघडा. तुमच्या दुकानासमोर जे घडेल ते लिहा : तारीख, वेळ, कोण कुठून कुठे वळत होता, कोणती वाहनं, दिवे होते का, पाऊस होता का. नावं नकोत. सोबत पोलीस ठाण्याकडे माहिती अधिकारात त्याच पट्ट्यातल्या तीन वर्षांच्या प्राणघातक आणि गंभीर अपघातांची यादी मागा. राष्ट्रीय महामार्गाच्या साधारण ५०० मीटर पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसं गेली, तर तो ‘ब्लॅक स्पॉट’ धरतात. मग तिथं काहीतरी करणं भाग पडतं. हा कागद घेऊन जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे जा. तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. ‘फार अपघात होतात साहेब’ असं म्हणून गेलात तर साहेब मान हलवतील. ‘अमुक अपघात, त्यातले इतके संध्याकाळी सहा ते नऊमध्ये, सगळे या एकाच कटावर’ असं म्हणालात तर अभियंत्याला खुर्ची पुढं ओढावी लागते. संध्याकाळचे हे तीन तास देशभरातच सगळ्यात वाईट आहेत. आपल्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत तर जास्तच : अंधार लवकर, माणसं उशिरा, ट्रॉली भरलेली.

*

आमच्या गावकऱ्यांनी वर्गणी काढून हायवेवर गतिरोधक टाकायचं ठरवलंय. चालेल का?
— एक सरपंच, एरंडोल तालुका

चालणार नाही, आणि टाकला तर पहिला बळी तुमच्याच गावचा दुचाकीवाला असेल. रात्री न दिसणारा, न रंगवलेला उंचवटा म्हणजे मधोमध पडलेला ओंडका. नियमातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, आणि तोही ताशी २५ किलोमीटरनं ओलांडायला. आपले गाववाले घालतात ती सायकलच्या ट्यूबएवढी टेकाडं. शिवाय राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक बसत नाहीत. तिथं मागायचं ते थरथर पट्ट्या, लुकलुकणारा पिवळा दिवा, फाट्यावर उजेड आणि सर्व्हिस रोड. मात्र गावातून हायवेला मिळणारा जो आडवा रस्ता आहे, त्यावर नियमातला गतिरोधक जरूर मागा. थांबायचं आहे ते तिथूनच येणाऱ्याला.

*

कारखाना सुरू झाला की रात्री उसाच्या ट्रॉल्या दिसतच नाहीत. माझा चुलतभाऊ मागून धडकला. पोलीस म्हणतात चूक त्याची.
— एक वाचक, शहादा

कायद्यानं मागून धडकणाऱ्यावरच बोट जातं. पण हिशेब मांडून बघा. ऐंशीच्या वेगानं मोटारसायकल सेकंदाला बावीस मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे कळून ब्रेकवर पाय जाईपर्यंत तो सेकंद संपतो. पुढं चांगल्या ब्रेकनं, कोरड्या रस्त्यावर, थांबायला पस्तीस मीटर. झाले सत्तावन्न. आणि डिपर मारलेल्या, म्हणजे झोत खाली केलेल्या दिव्यात बिनरिफ्लेक्टरची मळकी ट्रॉली चाळीसेक मीटरवर दिसते, त्यातही ऊस मागं लोंबत असेल तर टेललाइट झाकलेला. वेग पन्नासवर असता तर तुमचा भाऊ थांबला असता. ट्रॉलीला लाल पट्टी असती तर ऐंशीवरही बहुधा थांबला असता. दोन्ही खरं आहे.

मी नोकरीत असताना जुन्या तारेच्या बल्बवरून एक गोष्ट कळायची. धडकेच्या क्षणी दिवा चालू असेल तर तापलेली तार लांबते, वेडीवाकडी होते. बंद असेल तर थंड तार कटकन तुटते. ट्रॉलीमालक शपथेवर सांगायचा, ‘साहेब, दिवा चालू होता’. मी भिंगातून बघायचो. बहुतेक वेळा ट्रॉलीला बल्बच नसायचा.

आणि गाडी बंद पडली की मागं दगड मांडून, वर बाभळीची फांदी ठेवून, दुरुस्ती झाल्यावर दगड तिथंच सोडून जाणारे! त्यांच्यासाठी माझ्याकडे छापता येईल असा शब्द नाही. तुम्ही वकिलाला भेटा. नुकसानभरपाईचा दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत टाका, आणि ट्रॉलीला मागं पट्टी नव्हती हे दाखवणारा फोटो कोणाच्या मोबाइलात असेल तर तो आजच मागून घ्या. अशा प्रकरणात कोर्ट चूक दोघांत वाटून देऊ शकतं.

*

मुलगा सोळा वर्षांचा. क्लास चार किलोमीटरवर. सगळीच मुलं गाडी नेतात. द्यावी का?
— एक आई, चाळीसगाव

नाही, ताई. सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं लायसन्स मिळतं आणि तशी गाडी आता दुकानात मिळत नाही. तुमच्या घरातली गाडी त्याला चालत नाही. पकडला गेला तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्याला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. सायकल घेऊन द्या. लाजत असेल तर लाजू द्या.

तुमच्या पत्राच्या शेवटी ‘यांच्या मागे मीही बसते’ असं वाक्य आहे. तुमच्या डोक्यावर काय असतं? २०२२ मध्ये देशात हेल्मेट नसलेले ५० हजारांवर दुचाकीस्वार गेले, त्यातले १४,३३७ मागं बसलेले. लग्नाला जाताना पुढच्याच्या डोक्यावर हेल्मेट आणि मागं पदर, हे चित्र मी अजून रोज बघतो. पदराचं टोक आणि मागचं चाक, त्याबद्दल लिहीत नाही. साडीगार्ड कोणी काढून ठेवला असेल तर परत लावून घ्या.

*

कोंडाईबारीच्या घाटात रात्री एक जण पडलेला दिसला. यजमान म्हणाले, थांबलो तर पोलिसांच्या चकरा. आम्ही निघून आलो. तेव्हापासून झोप नाही.
— नाव नको, नवापूर

तुमच्या यजमानांची भीती जुनी आहे आणि एके काळी खरी होती. पंचनाम्याला थांबवलेले, साक्षीला वर्षानुवर्षं धुळ्याला खेटे घातलेले लोक माझ्या ओळखीचे आहेत. आता तसं नाही. ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम लागू केले, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं ते मोटार वाहन कायद्यातच आले, कलम १३४-अ. नाव सांगायची सक्ती नाही. दवाखाना तुम्हाला अडवून ठेवू शकत नाही, पैसे मागू शकत नाही. जखमीला पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत बिनपैशांचे उपचार देण्याची योजना मे २०२५ पासून आहे. धडक देणारा पळून गेला तरी मृताच्या घरच्यांना दोन लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार मिळतात. एप्रिल २०२२ पूर्वी ती रक्कम पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होती. गंभीर जखमीला वेळेत दवाखान्यात पोहोचवणाऱ्याला केंद्राकडून २५ हजारांचं बक्षीसही आहे. ते घ्यायचं की नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

थांबायची हिंमत नसेल तर न थांबता १०८ लावा. हायवेवर १०३३ सुद्धा चालतो. फोनवर ‘घाटात’ म्हणू नका, किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा. घाट मोठा असतो आणि रुग्णवाहिका एकच. थांबलात तर आधी स्वतःच्या गाडीचे चारी इंडिकेटर लावा, मग उतरा. पडलेल्याची मान वाकवू नका, पाणी पाजू नका, रक्त येत असेल तिथं रुमाल दाबून धरा.

त्या रात्रीचं मी काही सांगू शकत नाही.

*

मोटारसायकलला पुढे दोन पांढरे जादा एलईडी लावलेत. पासिंगला अडचण येईल का?
— एक विद्यार्थी, धरणगाव

येईल. काढून टाक. समोरच्याचे डोळे दिपले की त्याला ना तू दिसतोस, ना तुझ्या कडेनं चालणारी म्हातारी. शिवाय एलईडीत तार नसते. उद्या काही झालंच, तर तुझा दिवा चालू होता हे भिंगातून बघून कोणी सांगू शकणार नाही.