शेवट आधीच ठाऊक असलेल्या प्रेमकादंबऱ्या लोक पुन्हा पुन्हा का वाचतात?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे की, प्रेमकादंबरीत नायक-नायिका अखेरीस एकत्र येणार हे पहिल्या पानापासूनच ठाऊक असते, प्रसंगही ठरावीक असतात, तरीही वाचक अशा कादंबऱ्या एकामागून एक कशा वाचू शकतात. उत्कंठा फक्त शेवटाविषयीच असू शकते, असे या प्रश्नात गृहीत धरलेले दिसते. रहस्यकथेत खुनी सापडणारच हे प्रत्येकाला माहीत असते, पण त्यावरून रहस्यकथेला कोणी नाक मुरडत नाही. प्रेमकथेच्या वाट्याला मात्र हा आक्षेप हमखास येतो.

अमेरिकन अभ्यासक जॅनिस रॅडवे यांनी प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या स्त्रियांशी सविस्तर बोलून केलेला अभ्यास १९८४ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. त्यातील काही वाचक पुस्तक घेण्यापूर्वी त्याची शेवटची पाने चाळून पाहत असत, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. शेवट गोड आहे अशी खात्री पटली, की मधल्या ताटातुटीत आणि अपमानात मन मोकळेपणाने गुंतवता येते, असा मी त्याचा अर्थ लावते. म्हणजे शेवटाची हमी ही उत्कंठा मारत नाही; ती उत्कंठेची जागा बदलते. 'काय होणार' हा प्रश्न मिटल्यावर 'हे दोघे आज एकत्र का येऊ शकत नाहीत' हा प्रश्न उरतो, आणि प्रेमकादंबरीचे सारे कसब त्याच्या उत्तरात असते.

साहित्याच्या अभ्यासक पामेला रेजिस यांनी २००३ साली या साहित्यप्रकाराचे आठ आवश्यक घटक सांगितले: कथेतील समाजाचे चित्र, भेट, अडथळा, ओढ, प्रेमाची कबुली, सारे संपले असे वाटायला लावणारा क्षण, अडथळा दूर करणारी उमज आणि वाग्दान. या यादीतला अडथळा हा माझ्या मते कणा आहे, आणि तो काळानुसार इतका बदलत गेला आहे की 'सगळ्या कादंबऱ्या सारख्याच' हे विधान तिथेच कोलमडते. सॅम्युएल रिचर्डसन यांच्या १७४० सालच्या 'पामेला'मध्ये नायिका मोलकरीण आहे आणि नायक तिचा मालक; तिथे अडथळा वर्गाचा आणि त्याच्या उद्दाम वर्तनाचा आहे. जेन ऑस्टिन यांच्या १८१३ सालच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये पैसा आणि प्रतिष्ठा यांचा पेच आहेच, परंतु नायकाची पहिली मागणी नायिका धुडकावते ती मुख्यतः त्याच्याविषयीच्या तिच्या मतामुळे. अडथळा येथे बाहेरच्या जगातून दोघांच्या स्वभावात शिरतो, आणि तो दूर व्हायचा तर दोघांनाही स्वतःकडे नव्याने पाहावे लागते. आजही उत्तम प्रेमकादंबरी हेच करते.

या साहित्यप्रकारातले काही संकेत, म्हणजे ठरून गेलेले प्रसंग, मात्र समर्थनीय नव्हते, हेही स्पष्टपणे म्हटले पाहिजे. कॅथलीन वुडिविस यांची १९७२ सालची 'द फ्लेम अँड द फ्लॉवर' थेट पेपरबॅक स्वरूपात निघाली आणि प्रचंड खपली. तिच्यात नायक आरंभीच नायिकेवर बलात्कार करतो आणि पुढे तोच तिचा प्रियकर ठरतो. 'चांगल्या' नायिकेने स्वतःहून इच्छा व्यक्त करणे त्या काळी मान्य नसल्यामुळे लेखकांनी तिच्यावरची जबाबदारी अशा जबरदस्तीने काढून घेतली, असे स्पष्टीकरण अनेकदा दिले जाते. ते मला पटते, पण त्यामुळे ती पाने वाचनीय होत नाहीत. नायिकेची इच्छा उघडपणे लिहिता येऊ लागली तशी या संकेताची गरज ओसरली, आणि संमती हा कथेतल्या जवळिकीचा भाग बनला. याच सुमारास आणखी एक बदल झाला. पूर्वीच्या बहुसंख्य कादंबऱ्या केवळ नायिकेच्या नजरेतून सांगितल्या जात आणि नायकाच्या मनात काय आहे हेच कोडे असे. पुढे त्याचेही मन वाचकासमोर उघडे होऊ लागले. त्यामुळे वाचकाला दोघांचे प्रेम त्यांच्या आधी कळते, आणि मजा त्यांच्या आंधळेपणात येते.

आजच्या लेखकापुढची अडचण वेगळी आहे. कथा समकालीन असेल आणि त्या समाजात दोन प्रौढ माणसांना परवानगी मागावी लागत नसेल, तर त्यांना चारशे पाने दूर ठेवायचे कसे? खोटी सगाई, कार्यालयातील स्पर्धा, बर्फात अडकलेल्या प्रवाशांसाठी उरलेली एकच खोली आणि तीत एकच पलंग, हे सारे संकेत याच गरजेपोटी वापरले जातात. इंग्रज कादंबरीकार जॉर्जेट हेयर यांनी १९३५ पासून ज्या रीजन्सी काळाला, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्लंडला, लोकप्रिय केले, तो काळ आजही एवढा लाडका का, याचे एक कारण मला येथे दिसते: अविवाहित स्त्री परपुरुषासोबत एका खोलीत एकटी सापडली तर बदनामी ठरलेली, वारसा आणि पदवी यांचे नियम पक्के, असा समाज लेखकाला अडथळे आयते पुरवतो.

ज्या कादंबरीतील अडथळा पाच मिनिटांच्या सरळ बोलण्याने सुटला असता, ती मी निर्दयपणे बाजूला ठेवते. नायकाला बहिणीबरोबर पाहून नायिका शंभर पाने रुसते, तेव्हा तो अडथळा नसून लेखकाचा आळस असतो. चित्रपटांना या बाबतीत थोडी सवलत द्यावी लागते, कारण मनातला बदल पडद्यावर दिसत नाही; म्हणूनच तिथे शेवटी कोणीतरी विमानतळावर धावत सुटते आणि अनोळखी गर्दीसमोर माफी मागते. कादंबरीत तोच बदल एखाद्या पत्राच्या दुसऱ्या वाचनात घडू शकतो.

आपल्याला हे पडताळून पाहायचे असेल, तर खोट्या सगाईवर आधारलेल्या दोन वेगवेगळ्या लेखकांच्या कादंबऱ्या लागोपाठ वाचा. खोट्या सगाईचे नाटक करायला दोघे कशामुळे तयार झाले आणि ती खरी झाली हे कबूल करायला कशामुळे घाबरतात, एवढ्यावरच लक्ष ठेवा. एकीत भीती पैशाची निघेल, तर दुसरीत पुन्हा एकदा नाकारले जाण्याची.