गुणपत्रिकेचे दोन रकाने

प्रश्न : ताई, निवडणुकीआधी टीव्हीवर दोन उमेदवारांची समोरासमोर चर्चा झाली. घरी सगळ्यांनी मिळून पाहिली. एक जण हसतमुख, आकडे तोंडपाठ. दुसरा अडखळत होता, सारखा पाण्याचा ग्लास उचलत होता. मुलगा म्हणाला, "पहिल्याने मैदान मारलं." मला वाटलं, त्याने एकाही प्रश्नाचं धड उत्तर दिलं नाही. यावरून आमची चांगलीच जुंपली. कोणाचं बरोबर? आणि माणूस थापा मारतोय हे चेहऱ्यावरून कळतं का?

उत्तर : चेहऱ्यावरून कळत नाही. हे आधीच सांगते, कारण या समजुतीपायी अडखळणाऱ्या प्रामाणिक माणसाचे गुण हकनाक कापले जातात. नुसतं पाहून-ऐकून खोटं ओळखण्याच्या प्रयोगांचा एकत्रित हिशेब २००६ साली मांडला गेला. लोकांचा अंदाज सरासरी ५४ टक्के वेळाच बरोबर निघाला. नाणं उडवलं तरी पन्नास येतात! १९६० साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीतल्या टीव्ही चर्चेत केनेडींसमोर उभ्या निक्सन यांच्या हनुवटीवरचा घाम साऱ्या अमेरिकेने पाहिला. गुडघ्याच्या संसर्गामुळे ते आदल्याच महिन्यात रुग्णालयात होते, वजन उतरलं होतं, आणि नीट मेकअप करून घ्यायला ते तयार नव्हते. त्या घामावरून त्यांची तब्येत कळत होती. त्यांचे मुद्दे खरे होते की नाही, हे त्यावरून कसं कळणार?

मी वादविवाद स्पर्धांची परीक्षक म्हणून बरीच वर्षं बसले. एकदा एका मुलीला पहिला क्रमांक दिला. तिने एक टक्केवारी इतक्या ठामपणे सांगितली की प्रतिस्पर्धी गप्पच झाला. बक्षीस दिल्यावर सहज विचारलं, हा आकडा कुठे मिळाला? ती म्हणाली, "मॅडम, ऐनवेळी सुचला." हातात करंडक, चेहऱ्यावर जराही संकोच नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक तिच्याइतकीच माझीही होती, मी सफाईलाच गुण दिले होते. तेव्हापासून माझ्या कागदावर दोन रकाने असतात, 'मांडणी' आणि 'खरेपणा'. पहिला तिथल्या तिथे भरते. दुसरा पडताळून पाहिल्याशिवाय भरत नाही.

तुमच्या मुलाने पहिला रकाना भरला, तुम्ही दुसऱ्याला हात घातलात. दोघांचंही बरोबर असू शकतं. १९८० साली अशाच चर्चेत अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष कार्टर म्हणाले की, त्यांचे प्रतिस्पर्धी रेगन यांनी राजकारणाची सुरुवातच वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याला, म्हणजे मेडिकेअरला विरोध करत केली. रेगन हसून एवढंच म्हणाले, "पुन्हा सुरू झालं तुमचं!" सभागृह हसलं, लोकांच्या लक्षात तेच वाक्य राहिलं. आपला पाठिंबा दुसऱ्या विधेयकाला होता, असा खुलासा त्यांनी त्यानंतर केला. पण १९६१ साली अशा विम्याच्या विरोधात त्यांनी भाषण ध्वनिमुद्रित केलं होतं, ही गोष्ट खरीच होती. मांडणीत रेगन यांना पैकीच्या पैकी देईन. कार्टर यांचा मुद्दा मात्र त्या हशाने खोटा ठरत नाही.

पुढच्या वेळी वही घेऊन बसा. निवेदकाचा प्रश्न शब्दशः लिहा. उत्तर संपलं की वहीतला प्रश्न पुन्हा वाचा. "किती पैसे लागतील?" असं विचारलं आणि उत्तरात आजोबांचे कष्ट आले, तर तिथे फुली मारा. आकडा आला तर तो कोणत्या वर्षाचा, कशाच्या तुलनेत, तेवढं टिपून ठेवा आणि सकाळी सरकारी अहवालाशी ताडून पाहा. ओघात एखादा आकडा कोणाचाही चुकतो, त्याला मी थाप म्हणत नाही.

मी चूक दाखवल्यानंतरचं वागणं बघते. १९७६ साली अशाच चर्चेत अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष फोर्ड म्हणाले, पूर्व युरोपावर सोव्हिएत वर्चस्व नाही. हे उघडउघड चूक होतं. पत्रकाराने चकित होऊन पुन्हा विचारलं, सावरायची संधी दिली. त्यांनी पोलंडचं नाव घेऊन तेच रेटलं. खुलासा आला तो काही दिवसांनी. माझ्या कागदावर मूळ वाक्यापेक्षा त्या दुसऱ्या उत्तराचे गुण जास्त कापले गेले असते.

तुमच्या त्या पाणी पिणाऱ्या उमेदवाराला कोणी चूक दाखवली होती का? तेव्हा तो काय म्हणाला? चर्चेचं चित्रण मिळालं तर मुलाला शेजारी बसवून तेवढा भाग पुन्हा लावा. या वेळी वही त्याच्या हातात द्या.